परवडणारा सबवूफर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर. ही प्रश्नोत्तरे शहरातील फ्लॅटमध्ये, म्हणजे साधारण दहा बाय बारा ते बारा बाय सोळा फुटांच्या हॉलमध्ये, होम थिएटर बसवू पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. ‘परवडणारा’ म्हणजे दहा ते तीस हजार रुपयांच्या आसपासचा आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात असलेला सबवूफर, असे येथे गृहीत धरले आहे. अनेक उत्तरांत खोलीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल आणि तो टाळता येण्याजोगा नाही, कारण या किमतीत दोन सबवूफरांमध्ये जितका फरक असतो, त्याहून अधिक फरक एकच सबवूफर दोन जागी ठेवल्याने पडतो.

सबवूफर खरोखरच लागतो का? समोरचे स्पीकर चांगले असतील तर भागत नाही का?

संगीतासाठी कदाचित भागेल, पण चित्रपटांसाठी बहुधा भागणार नाही. ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) या ध्वनिरचनेतील ‘.१’ ही खालच्या स्वरांची स्वतंत्र वाहिनी १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज वाहून नेते आणि बाकीच्या प्रत्येक वाहिनीपेक्षा १० डेसिबल अधिक जोराने वाजण्याची मुभा तिला दिलेली असते. शेल्फवर मावणाऱ्या चार-पाच इंची स्पीकरांचा दम साधारण ६० ते ८० हर्ट्झच्या खाली संपतो. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, आणि पडद्यावरील स्फोट, विमाने व ढगांचा गडगडाट तर त्याच्याही खाली उतरतात.

शिवाय आपला कान खर्जाच्या बाबतीत फारच मठ्ठ आहे. मधल्या पट्टीतील स्वर निव्वळ ऐकू येण्यासाठी शून्याच्या आसपास डेसिबल पुरतात, तर ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम जाणवण्यासाठी सुमारे ५१ डेसिबल आणि २० हर्ट्झसाठी सुमारे ७८ डेसिबल लागतात. एवढी हवा हलवायची तर स्पीकरचा मोठा पडदा (आवाज काढणारा थरथरता शंकू), तो पुढे-मागे पुरेसा सरकेल अशी बांधणी आणि ऐसपैस पेटी हवी, आणि म्हणूनच हे काम वेगळ्या उपकरणाकडे सोपवावे लागते.

किती वॅटचा घ्यावा?

हा प्रश्न दुकानात सर्वांत आधी विचारला जातो, वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारावा. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ७० वॅटऐवजी १०० वॅटचा घेण्यासाठी चार हजार रुपये अधिक मोजणे शहाणपणाचे नाही. पोल्क ऑडिओचा पीएसडब्ल्यू १० हा वर्षानुवर्षे खपलेला दहा इंची सबवूफर सलग ५० वॅटचाच होता, आणि लहान खोलीत तो कित्येकांना पुरला.

मात्र आकडा कोणता छापला आहे ते नीट पाहावे. सलग शक्ती ‘आरएमएस’ या नावाने दिलेली असते. ‘पीक’ किंवा ‘डायनॅमिक’ हा आकडा क्षणभरापुरता असतो, आणि ‘पीएमपीओ’ तर जाहिरातीपलीकडे कशाचेच मोजमाप नाही. एकेकाळी चारचार इंची स्पीकरांच्या संचावर हजारो वॅट पीएमपीओचे चमकदार स्टिकर लावलेले असत, ते अनेकांना आठवत असतील. मागच्या पट्टीवर विजेचा वापर ४० वॅट छापलेला आणि खोक्यावर ८०० वॅटचा दावा, अशी विसंगती दिसली तर त्या खोक्यावरील इतर आकड्यांवरही विश्वास ठेवू नये.

८, १० की १२ इंची?

दार लावून घेता येईल अशा दहा बाय बाराच्या बेडरूमसाठी चांगला ८ इंची चालतो. हॉलसाठी १० इंची हा किमान आकार समजावा. हॉल स्वयंपाकघराला आणि पॅसेजला उघडा असेल आणि जागा असेल, तर १२ इंची घ्यावा, कारण सबवूफरला तुमचा ‘हॉल’ कळत नाही, दरवाजे नसलेली सगळी मोकळी जागा तो भरत बसतो. पण इंचांच्या मागे लागून कच्च्या पेटीतला १२ इंची घेण्यापेक्षा भरीव पेटीतला १० इंची केव्हाही बरा. पेटीच्या बाजूच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केल्यास कोरड्या लाकडी ठोक्यासारखा आवाज यावा, डब्यासारखा पोकळ येऊ नये.

माहितीपत्रकात ‘२८ हर्ट्झ ते २०० हर्ट्झ’ लिहिले आहे. म्हणजे २८ हर्ट्झ ऐकू येईल का?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. या आकड्यांपुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिलेले असेल तर त्यांना अर्थ आहे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर त्या टोकाला आवाज १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक पडलेला असू शकतो. ठरावीक विकृतीच्या (आवाज बिघडण्याच्या) आत सबवूफर प्रत्येक स्वराला किती जोर देतो हे मोजण्याची सीईए २०१० नावाची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीने मोजलेले आकडे मिळाले तर दोन सबवूफरांची तुलना तेथेच करावी. स्वस्त गटात असे आकडे क्वचित मिळतात, म्हणून शक्य तेथे प्रत्यक्ष ऐकूनच निर्णय घ्यावा.

बंद पेटीचा घ्यावा की पोर्टचा (हवेच्या नळीचा)?

बंद पेटीत पडद्यामागील हवा उशीसारखे काम करते. याच तत्त्वावर १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी एआर १ हा स्पीकर बाजारात आणला आणि कपाटाएवढ्या पेटीचे काम लहान पेटीत करून दाखवले. बंद पेटीचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश, उतरतो. पोर्टच्या पेटीत नळीतील हवा ठरावीक स्वराला घुमून पडद्याला हात देते, त्यामुळे त्या स्वराच्या आसपास तेवढ्याच वॅटमध्ये बराच अधिक दणका मिळतो, पण त्या स्वराच्या खाली आवाज सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने कोसळतो आणि मोकाट सुटलेला पडदा खडखडू लागतो.

आता यात आपली खोली आणावी. बंद, लहान खोली अगदी खालच्या स्वरांना आपणहून उचलून धरते, आणि तिचे हे उचलणे बंद पेटीच्या सावकाश उताराला बरेचसे पूरक ठरते. त्यामुळे दार लावून चित्रपट पाहणाऱ्याने, आणि विशेषतः तबला-पखवाजाची थाप सुटी व स्वच्छ ऐकू यावी असे वाटणाऱ्याने, बंद पेटीकडे झुकावे. उघड्या हॉलमध्ये ही मदत मिळत नाही, म्हणून तेथे पोर्टचा घ्यावा. दहा-बारा हजारांच्या गटात पोर्टवालेच अधिक दिसतात, आणि त्यांतील काही एकाच सुरात ‘बूं बूं’ करतात. दुकानात एकच धमाकेदार दृश्य लावून दाखवले जाते. त्याऐवजी बास गिटार वर-खाली फिरत राहते असे एखादे ओळखीचे गाणे लावायला सांगावे आणि प्रत्येक स्वर वेगळा कळतो का, ते पाहावे.

परदेशी परीक्षणांत ज्याला ‘अपुरा’ म्हटले आहे, तो येथे पुरेल का?

पुष्कळदा पुरतो. अमेरिकेतील अनेक घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात, त्या स्वतः थरथरून खालच्या स्वरांचा बराचसा भाग गिळतात किंवा पलीकडे सोडून देतात. आपल्याकडील विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो आवाज परत खोलीत फेकतात. त्यातच दहा बाय चौदा फुटांचा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल जेमतेम १३३० घनफुटांचा असतो, तर परदेशी परीक्षक बोलतात ते अनेकदा त्याच्या दुप्पट-तिप्पट जागेबद्दल. म्हणून येथे जोर सहसा कमी पडत नाही. अडचण येते ती घुमण्याची, आणि तिचा विचार पुढच्या उत्तरात केला आहे.

सबवूफर नेमका कोठे ठेवावा?

‘टीव्हीशेजारी जागा उरली तेथे’ हे प्रचलित उत्तर आहे आणि ते कधीकधी योगायोगाने बरोबरही ठरते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट होते. चौदा फुटांच्या हॉलच्या लांबीत बरोबर अर्धी लाट मावते, ती दोन्ही भिंतींवर आपटून स्वतःवरच आरूढ होते आणि ४० हर्ट्झचा स्वर भिंतींलगत फुगतो, तर खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. दहा फुटांच्या रुंदीसाठी असाच स्वर ५६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९ च्या. हे दोन एकमेकांना इतके खेटून आहेत की अशा हॉलमध्ये त्या पट्टीतील प्रत्येक ठोका लांबतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की सबवूफरच हलक्या दर्जाचा आहे.

आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे ऐकणाऱ्याचे डोके नेमके फुगवट्यात असते. सोफा दीड-दोन फूट पुढे घेता आला तर पैसे न खर्चता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि घरातील इतर मंडळींचा तिला होणारा विरोधही तितकाच मोठा असतो.

सबवूफरची जागा शोधण्याची खात्रीची रीत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही नेहमी बसता त्याच जागी ठेवावा. बेस (खालचे स्वर) सतत चालू राहील असे गाणे मध्यम आवाजात लावावे. मग ज्या ज्या जागी सबवूफर ठेवणे शक्य आहे, त्या जागी जमिनीवर वाकून किंवा रांगत जाऊन ऐकावे. एका कोपऱ्यात आवाज फुगलेला येईल, दोन फूट सरकल्यावर पोकळ होईल, आणि एखाद्या जागी सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतील. त्या जागेवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करून सबवूफर तेथे ठेवावा, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर तसाच आवाज मिळतो. घरचे हसतील, पण ही युक्ती जगभर वापरली जाते आणि तिला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

कोपऱ्यात ठेवल्यास तिन्ही पृष्ठभागांच्या आधाराने आवाज सर्वांत अधिक वाढतो. सबवूफर लहान आणि हॉल मोठा असेल तर हा आधार घ्यावा, अन्यथा कोपऱ्यापासून फूट-दोन फूट सुटा ठेवून पाहावे.

मोबाइलवरील ॲपने मोजता येईल का?

स्वर निर्माण करणारे ॲप उपयोगी आहे. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झने वर जात ऐकले तर कोणता स्वर फुगतो ते कळते. मोजण्यासाठी मात्र मोबाइलच्या माइकवर विसंबू नये, कारण अनेक मोबाइलमध्ये खालचे स्वर मुद्दाम गाळलेले असतात. हौस वाढल्यास संगणकावर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि मापनासाठीचा यूएसबी माइक घ्यावा.

रिसीव्हर आणि सबवूफर, दोन्हींवर क्रॉसओव्हर आहे. कोणता लावावा?

रिसीव्हरचाच. रिसीव्हर म्हणजे टीव्ही वगैरेंचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायर, आणि क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या स्वराखालचा आवाज सबवूफरकडे जाईल हे ठरवणारी गाळणी. सबवूफरवरील नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवावा किंवा तेथे ‘एलएफई’ (म्हणजे तीच ‘.१’ वाहिनी) असे बटण असल्यास ते निवडावे, नाहीतर दोन्ही गाळण्या एकावर एक बसून मधले स्वर हरवतात. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी, कारण साधारण त्याच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला ओळखता येत नाही. मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० किंवा त्याहून वर जावे लागते, आणि मग सबवूफर समोरच्या दोन स्पीकरांच्या जवळपासच ठेवावा, अन्यथा संवादाचा भारदस्तपणा सोफ्यामागून येऊ लागतो.

रिसीव्हरच्या स्वयंचलित जुळवणीनंतर दोन गोष्टी तपासाव्यात. समोरचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील तर ते ‘स्मॉल’ करावेत, कारण ‘लार्ज’ ठेवल्यास त्यांच्या वाट्याचा बेस सबवूफरकडे जातच नाही. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसले तर मात्र ते दुरुस्त करू नये. सबवूफरच्या आतील मंडलांमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो. फेजचे (सबवूफरचा पडदा इतर स्पीकरांशी जुळवून हलतो की उलट, हे ठरवणारे) बटण ० आणि १८० अशा दोन्ही जागी ठेवून ऐकावे, आणि जेथे ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भरीव वाटेल तेथे राहू द्यावे.

नवा सबवूफर काही दृश्यांतच खडखडतो. बदलून मागावा का?

आधी घर तपासावे. माझ्या स्वतःच्या घरी नवा सबवूफर तिसऱ्याच दिवशी खडखडू लागला, तेव्हा मी तो रिक्षात घालून दुकानात नेला. तेथे तो तासभर निमूट वाजला. घरी परतल्यावर ॲपने एकेक स्वर लावत गेलो, तर ४२ हर्ट्झला खडखड सुरू झाली आणि ४५ ला थांबली. आवाजाच्या मागावर जात स्वयंपाकघरात पोहोचलो, तर भिंतीवरील स्टीलच्या मांडणीला टांगलेला झारा शेजारच्या उलथन्याला जेमतेम टेकून थरथरत होता. बोट लावले की गप्प, बोट काढले की पुन्हा सुरू. झाऱ्याची खुंटी बदलली आणि तक्रार संपली.

सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, शोकेसच्या काचा, पंख्याची कटोरी आणि फॉल्स सीलिंगमधील दिवे हे नेहमीचे गुन्हेगार. हे सगळे हाताने दाबून पाहिल्यानंतरही आवाज पेटीतूनच येत असेल, तर मात्र दुकानदाराला जरूर गाठावे.

काही वाजत नसतानाही सबवूफर गुणगुणतो. हे काय आहे?

हा बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा, किंवा तिच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झचा आवाज असतो. प्रथम सिग्नलची केबल सबवूफरमधून काढावी. गुणगुण थांबली तर ती दोन उपकरणांच्या अर्थिंगमधील फरकामुळे येते आहे. मग केबल परत लावून सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची किंवा केबलवाल्याची वायर काढून पाहावी, कारण इमारतीच्या गच्चीवरून येणारी ही वायर अनेकदा दोषी निघते. टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावरून चालवल्यानेही फरक पडतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे.

जुन्या होम थिएटर संचातील सबवूफर नव्या रिसीव्हरला जोडता येईल का?

त्या संचांतील सबवूफर बहुधा ‘पॅसिव्ह’ असतो, म्हणजे त्याच्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो. रिसीव्हरचे सबवूफर आउटपुट केवळ सिग्नल देते, त्याच्याने तो वाजणार नाही. साउंडबारसोबतचे वायरलेस सबवूफरही आपापल्या बारखेरीज सहसा कोणाशी जुळत नाहीत.

पुण्यातील पासोड्या विठोबाजवळून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी तयार करणे स्वस्त पडते का?

हौस म्हणून उत्तम, बचत म्हणून बेताचे. गाडीचा सबवूफर आणून सुताराकडून अंदाजाने पेटी करून घेणे ही सर्वसामान्य चूक आहे. ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरच्या, थील-स्मॉल नावाच्या मापांवरून पेटीचे आकारमान आणि पोर्टची लांबी काढावी लागते, आणि ज्या ड्रायव्हरसोबत ही मापे मिळत नाहीत तो घेऊ नये. गाडीचे ड्रायव्हर पुष्कळदा ४ किंवा २ ओहमचे असतात, त्यामुळे ॲम्प्लिफायर तेवढा भार सोसणारा आहे का, हेही आधी विचारावे. पेटी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची किंवा एमडीएफची असावी, आत आडवे टेकू द्यावेत आणि प्रत्येक सांधा हवाबंद करावा. तुमचे चार-पाच रविवार यात जातील, त्यांचा हिशेब करूनच ठरवावे.

वापरलेला घेणे योग्य आहे का?

या किमतीत सर्वांत अधिक मोल तेथेच मिळते. पडद्याभोवतीची कड रबराची असेल तर निर्धास्त घ्यावा. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबून पाहावे, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुना फोम भुगा होऊन हाती येतो. जाळी काढून कागदी पडद्यावर बुरशीचे ठिपके नाहीत ना, ते पाहावे. पोर्टमध्ये टॉर्च मारावा. लहान मुले असलेल्या घरातील सबवूफरच्या पोटात पेन्सिली, क्रिकेटचा रबरी चेंडू, क्वचित रिमोटही सापडतो. शेवटी पंधरा-वीस मिनिटे सलग वाजवून, ‘ऑटो’ स्थितीत तो आपोआप सुरू होतो का, हे तपासून मगच पैसे द्यावेत.

अमेरिकेतील नातेवाईक येताना आणणार आहेत. हरकत नाही ना?

मागच्या बाजूला २३० व्होल्टची सोय छापलेली असेल तरच आणावा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हमी बहुधा तिकडेच राहते. शिवाय पंधरा-वीस किलोंचे ओझे विमानातून आणायचे.

एक मोठा घ्यावा की दोन लहान?

प्रथम एकच, बरा. वर्षभराने तसाच दुसरा घेतल्यास सोफ्याच्या तिन्ही जागांवर आवाज अधिक समान होतो.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. फोमच्या पट्ट्या किंवा अंड्यांचे ट्रे लावून उपयोग होईल का?

होणार नाही. दोन इंची फोम वरच्या स्वरांना शोषतो, २८ फुटी लाटेला तो जाणवतही नाही. पायांखाली जाड रबर किंवा आयसोलेशन पॅड ठेवल्यास पेटीची थरथर स्लॅबमध्ये थेट उतरणे कमी होते, पण हवेतून भिंतींवर आदळणारा आवाज तसाच राहतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा ‘ए’ भारांकनाने मोजली जाते आणि त्या मोजणीत ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर आकडा नियमात बसत असताना खालच्या आजोबांचा पलंग हलत असू शकतो, आणि मीटर दाखवून वाद जिंकता आला तरी पलंग हलायचा राहत नाही. रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ (मोठे आवाज दाबणारी सोय) लावावा, रात्री दहानंतर सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने उतरवावी, आणि नवा सबवूफर बसवल्यावर एकदा खाली जाऊन, तुमचा नेहमीचा चित्रपट वर चालू ठेवून, त्यांच्या खोलीत पाच मिनिटे बसून पाहावे.